साहेबांच्या कानावर

आमच्या स्टुडिओत एक मॅनेजर आहेत आणि त्यांना एकच काम आहे: गोष्टी साहेबांच्या कानावर घालणे. छत गळतंय, साहेबांच्या कानावर घालतो. दाराची कडी निखळली, साहेबांच्या कानावर घालतो. मी एकदा रजा मागितली, ती त्यांनी साहेबांच्या कानावर घातली, आणि रजेवरून परत आल्यावर मला कळलं की ती नामंजूर झाली होती. एकोणीस वर्षांत या गृहस्थांनी साहेबांच्या कानावर इतकं घातलंय की दुसऱ्या कुणाचा कान एव्हाना खांद्याला टेकला असता. साहेबांचे कान मात्र जिथल्या तिथे, तुळतुळीत आहेत. कारण त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नाही.

मी तिथे मिक्सिंग करते. हे सांगितलं की लोक माझ्याकडे चटणी वाटणाऱ्या बाईकडे बघावं तसं बघतात. म्हणून थोडक्यात सांगते. गाणारा सोमवारी गातो, वाजवणारे बुधवारी वाजवतात, त्यातल्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही म्हणून ते वेगवेगळ्या दारांनी येतात. हे सगळे एकाच खोलीत, एकाच वेळी, गुण्यागोविंदाने बसले होते असं ऐकणाऱ्याला वाटायला लावणं हे माझं काम. लग्न जुळवणारे हेच करतात, फक्त त्यांना नंतर कुणी आवाज कमीजास्त करायला बोलावत नाही.

पूर्वी हे काम मी स्पीकरवर करत असे. त्यासाठी वेगळी खोली होती, भिंतींना जाड अस्तर होतं. मग साहेबांना कुणीतरी सांगितलं की लोक आता ऐकत नाहीत, बघतात. झालं. खोलीचे स्पीकर निघाले, भिंती जांभळ्या झाल्या, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड आलं आणि तिथे व्हिडिओ काढायला लागले. माझी रवानगी कॉफीच्या मशीनशेजारच्या टेबलावर झाली, आणि स्पीकरच्या बदल्यात मला एक परिपत्रक आणि एक हेडफोन मिळाला.

हेडफोन आमच्याच एका गिऱ्हाइकाचे होते. त्यांची जाहिरात आम्ही केली तेव्हा त्यांनी खोकाभर नग पाठवले होते. काळे, कडेने सोनेरी कडं, वजनाला भारी. यापुढे सर्व मिक्सिंग संस्थेने पुरवलेल्या हेडफोनवरच करण्यात यावे, असं परिपत्रकात होतं. हे हेडफोन कानाला लावले की जगात काही वाईट आहे यावर विश्वास बसत नाही. खालचे सूर फुगवलेले, वरचे सूर चमकवलेले, मधलं सगळं झाकलेलं. मी एकदा नुसता पंख्याचा आवाज त्यातून ऐकला, तर तोही मोठ्या घराण्यातला वाटला. मी त्यांचं नाव गोडबोले ठेवलं. साहेबांना ते इतके आवडले की त्यांनी एक जोड कायम गळ्यात घालायला सुरुवात केली. खालच्या सुरांना आमच्या धंद्यात बेस म्हणतात. साहेब तो शब्द दोन अर्थांनी वापरतात. आधी म्हणतात, बेस वाढवा. वाढवला की म्हणतात, आता कसं, बेस झालं.

मी सोळा महिने गोडबोल्यांवर मुकाट्याने काम केलं. हे मी अभिमानाने सांगत नाही.

मग टेलरबाई आल्या.

त्या आल्या होत्या रेकॉर्डिंगच्या खोलीचे पडदे शिवायला. वय एकसष्ट, गळ्यात मापाची पट्टी, केसात दोन टाचण्या. शिडीवर चढून माप घेताना त्या स्वतःशीच गुणगुणत होत्या. खाली माइक चालू राहिला होता आणि मी पलीकडे कानाला हेडफोन लावून कुणाचा तरी खोकला कापत बसले होते. अचानक माझ्या कानात एक आवाज आला. बाईचा आवाज, पण इतका खालचा, इतका खर्जातला, की मी आधी खोलीत कोण पुरुष शिरला ते बघायला उठले. शिडीवर टेलरबाई होत्या. तोंडात टाचण्या धरून गात होत्या.

दर वर्षी आम्ही एका नव्या आवाजाची सहा गाण्यांची ध्वनिफीत काढतो. फीत आता कुठेच नसते, शब्द राहिलाय आणि एक छापील मुखपृष्ठ. त्या वर्षीची टेलरबाईंची निघावी म्हणून मी मॅनेजरांच्या मागे लागले. साहेब तेव्हा प्रवासात होते, त्यामुळे होकार लगेच मिळाला.

पहिल्या गाण्याच्या दिवशी टेलरबाई माइकसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या तोंडून आवाजच निघेना. ओठ हलत होते. मी आत गेले, तेव्हा त्यांनी सांगितलं. शाळेत समूहगान होतं, त्या नऊ वर्षांच्या होत्या. गाणं शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांसमोर त्यांना बाजूला काढून सांगितलं होतं की तुझा आवाज घोगरा आहे, बाकीच्यांचा बिघडतो, तू रांगेत उभी राहा पण नुसते ओठ हलव. तेव्हापासून चार माणसांत गायची वेळ आली की त्या ओठ हलवत आल्या होत्या. बहिणीच्या लग्नात हलवले, कामगारांच्या मोर्च्यात हलवले. आवाज फक्त शिलाई मशीनला माहीत होता, कारण मशीन त्याहून मोठ्याने बोलायचं.

मी त्यांना शब्द दिला की या खोलीत ओठ हलवायचे नाहीत, आणि बाहेर जाईल तो आवाज तुमचाच असेल, जसाच्या तसा. शब्द देताना माणसाला आपण काय काय मोडून बसलोय ते आठवत नाही. मला गोडबोले आठवले नाहीत.

सहा गाणी झाली. मी ती मिक्स केली आणि पहिलं गाणं घेऊन त्यांच्या दुकानात गेले. किल्ल्या बनवणारा आणि चष्म्याचं दुकान यांच्यामध्ये एक चिंचोळी खोली, रिळांच्या फळीवर एक छोटा स्पीकर. टेलरबाईंनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं, मशीनवरचा पाय न हलवता. मग म्हणाल्या, "ताई, कापड माझंच आहे. पण कोट दुसऱ्याच्या मापाचा झालाय."

मी पुन्हा ऐकलं, त्यांच्याच स्पीकरवर. स्पीकरमधली बाई कुणीतरी सुरेल, पातळ, टेलिफोनवरून बोलणारी होती. तिच्या आवाजाला पोट नव्हतं. आणि तिथेच, एका अर्धवट शिवलेल्या पँटकडे बघत, मला माझी चूक कळली. गोडबोले खालचे सूर फुगवून सांगतात. टेलरबाईंचा आवाज राहतोच तिथे. मला तो पिंपातून आल्यासारखा घुमताना ऐकू आला, म्हणून मी खालून कापत गेले, कापत गेले, घुमणं थांबेपर्यंत कापलं. आरसा जाड दाखवतो म्हणून माणसाने जेवण सोडावं, तसं. नऊ वर्षांच्या मुलीला त्या शिक्षिकेने जे तोंडी सांगितलं, तेच मी यंत्राने केलं होतं, आणि वर त्याचे पगार घेतले होते.

मी परत गेले तर साहेब प्रवासातून आले होते. त्यांनी मूळ रेकॉर्डिंग ऐकलं होतं. अर्थात गळ्यातल्या हेडफोनवर. त्यांचं मत तयार होतं, ते मॅनेजरांनी मला कागदावरून वाचून दाखवलं. आवाज विहिरीतून येतो. बाई आहे की बुवा कळत नाही. कॉम्प्युटरवर दोन पट्ट्या वर चढवून आवाज बायकी करावा. शुक्रवारी ध्वनिफीत बाहेर पडेल, गुरुवारी सकाळी मिक्सरने अंतिम प्रतीवर सही करावी.

मी मॅनेजरांना सांगितलं की दोष बाईंच्या आवाजात नाही, हेडफोनात आहे. मॅनेजरांनी डोळे मिटून ऐकलं, मान डोलावली, आणि म्हणाले की साहेबांच्या कानावर घालतो.

शुक्रवारला नऊ दिवस होते.

घरी माझा एक जुना हेडफोन होता, खरं बोलणारा. पण तो उघड्या पाठीचा. म्हणजे त्याच्या वाटीच्या मागे जाळी असते, आतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. शांत, एकट्या खोलीत बसायचं असेल तर याच्यासारखं दुसरं नाही. कॉफीच्या मशीनशेजारी याचा उपयोग शून्य. घरीही तेच. मी त्यावर एक कडवं चाळीस वेळा ऐकलं, तर पलीकडे भाजी निवडत बसलेल्या सासूबाईंनी एक्केचाळिसाव्या वेळी ते पुरं म्हणून दाखवलं आणि शेवटच्या ओळीत ती बाई श्वास चुकीच्या ठिकाणी घेते असं सांगितलं. बरोबर होतं ते. पण काम असं चालत नाही.

तेव्हा मला बंद पाठीचा हेडफोन हवा होता. पाठ बंद, कान झाकलेले, आतलं आत आणि बाहेरचं बाहेर. ही बातमी माझ्या धाकट्या दिरांना लागली. दीर कुठलीही वस्तू विकत घेत नाहीत. तिच्याबद्दल वाचतात. फ्रीज घ्यायचा म्हणून त्यांनी चार वर्षं वाचन केलं, तोवर त्यांचं दूध आमच्या फ्रीजमध्ये असायचं. दोन दिवसांत त्यांनी सोळा रकान्यांचा तक्ता आणला. त्यात वजन होतं, विजेचा रोध होता, वायरीची लांबी होती, आणि परदेशातल्या एका माणसाचं मत होतं, ज्याने म्हणे चारशे हेडफोन ऐकले. मी विचारलं की तो त्यावर नेमकं काय ऐकतो. दिरांनी तक्ता उलटून पाहिला. तो रकाना नव्हता.

शनिवारी आम्ही दुकानात गेलो. मी, तक्ता घेतलेले दीर, आणि टेलरबाई. टेलरबाईंना मीच बोलावलं होतं. दिरांना वाटलं सोबत म्हणून. मला त्या माप म्हणून हव्या होत्या.

दुकानदाराने आल्या आल्या एक जोड माझ्या डोक्यावर ठेवून आपली तयार नमुन्याची क्लिप लावली. डाव्या कानातून हेलिकॉप्टर निघालं, डोक्यावरून उजव्या कानात उतरलं आणि तिथे काहीतरी फुटलं. तो अपेक्षेने बघत होता. मी त्याला सांगितलं की हेलिकॉप्टर मला मिक्स करायचं नाही, आणि माझ्याकडची फाईल लावली. टेलरबाईंची एक ओळ, कुठलीही कापाकापी न केलेली. मग टेलरबाईंना म्हटलं, हीच ओळ इथे एकदा म्हणा.

त्या घाबरल्या. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. त्यांचे ओठ हलायला लागले आणि मी नुसती बघत राहिले. मग त्यांनी गळ्यातली पट्टी दोन्ही हातांनी ताणून धरली आणि गायल्या. कॅमेऱ्याच्या काउंटरवरचा माणूस वळला. दुकानदाराने आपल्या फोनकडे पाहिलं, आवाज तिथून येतोय का म्हणून.

त्यानंतर पद्धत सोपी होती. त्या एकदा गाणार, मी एकदा ऐकणार. ज्या हेडफोनात टेलरबाई टेलरबाईंसारख्या ऐकू येतील तो आपला.

पहिला जोड दिरांच्या तक्त्यात पहिला होता. आवाज जवळपास खरा, पण टेलरबाई पुढे आल्या, माझा जबडा आणि हेडफोनची उशी यांच्यामध्ये त्यांनी दोन बोटं घालून पाहिली, जशी त्या गिऱ्हाइकाच्या कॉलरमध्ये घालतात, आणि मान हलवली. हा तासाभरात डोकं धरेल म्हणाल्या. कपडा आरशासमोर सगळ्यांनाच बसतो, बसमध्ये बसल्यावर कळतं. दिरांनी नोंदलं की हा रकाना घालायला हवा.

दुसरा हलका होता, छान दिसत होता, पण त्यात टेलरबाईंना सर्दी झाली होती. शिवाय माझा चष्मा. चष्म्याच्या काडीपाशी उशी उचलली जायची आणि तेवढ्या फटीतून सगळा बेस पळून जायचा. चष्मा काढला की आवाज पूर्ण, घातला की अर्धा. दिरांनी सुचवलं की चष्मा काढून मिक्सिंग करावं. मी म्हटलं की मग कुणाचं करतेय ते दिसणार नाही.

तिसऱ्याला दुकानदार दाखवायलाच तयार नव्हता. तो खालच्या कपाटात होता, साधा, करडा, शाळेच्या दप्तरासारखा. सोनेरी काही नाही. टेलरबाईंनी आधी तो उलटा केला, उशीची शिवण बोटाने चाचपली, कापड ओढून पाहिलं, आणि ही उशी फाटली तर बदलता येते का असं विचारलं. दुकानदाराने ती फिरवून काढून दाखवली. वायरही निघत होती. टेलरबाईंचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. उसवता येत नाही ते चांगलं शिवलेलं नसतं, असं त्यांचं म्हणणं.

मी चष्म्यावरून तो घातला. उशी काडीवर मऊ बसली. दुकान नाहीसं झालं. मी ओळ लावली आणि डोळे उघडे ठेवले. टेलरबाई माझ्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या, ओठ घट्ट मिटून, आणि गात होत्या.

मी ओळ तीनदा ऐकली. त्यांचे ओठ तीनदा मिटलेलेच राहिले.

हा जोड दिरांच्या तक्त्यात नववा होता. ते म्हणाले, वहिनी, तुझा कान चुकत असेल. मग माझ्याकडे बघून म्हणाले, किंवा तक्ता.

दुकानदाराने शेवटचा प्रयत्न केला. हा कामाचा आहे मॅडम, कोरडा वाजतो, घरी गाणी ऐकायला मजा येणार नाही, त्यासाठी एक दुसरा ठेवा. त्याने हात वर केला तिथे काळे आणि सोनेरी गोडबोले ओळीने टांगलेले होते. एक खरं बोलणारा आणि एक गोड बोलणारा असे दोन ठेवायची पद्धत मला नवीन नव्हती, बऱ्याच लोकांचे मित्र तसेच असतात. मी त्याला सांगितलं की मला एकच पाहिजे. ज्याच्यावर काम करीन त्याच्यावरच गाणी ऐकीन. ज्यांची गाणी ऐकते त्यांनीही कधीतरी कुणीतरी खरं ऐकावं म्हणूनच गायलं असणार.

पहिले दोन दिवस त्याचं म्हणणं मला पटत होतं. येताजाता मी माझी आवडती गाणी लावली आणि ती अळणी लागली, साखर सोडलेल्याला चहा लागतो तशी. तिसऱ्या दिवशी एका गाण्यात, जे मी वीस वर्षं ऐकत आले, मला बासरीवाल्याने फुंकण्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला. एवढासा. वीस वर्षं तो माणूस माझ्या कानात श्वास घेत होता आणि मला माहीत नव्हतं. मी रस्त्यातच थांबले आणि मागून येणारा सायकलवाला मला काहीतरी बोलला. पाठ बंद असल्यामुळे काय ते कळलं नाही.

मग मी मला करायला नको होतं ते केलं. गेल्या सोळा महिन्यांतली माझी स्वतःची मिक्सिंग ऐकली. एकूण एक पातळ. सगळ्यांचं पोट मी कापलेलं. सोळा महिने परिपत्रकाने काम केलं होतं आणि सही माझी होती.

तीन दिवसांत मी टेलरबाईंची सहाही गाणी नव्याने मिक्स केली. कॉफीच्या मशीनशेजारी बसून, संस्थेने न पुरवलेल्या हेडफोनवर, सगळ्यांच्या देखत. मॅनेजर दोनदा येऊन बघून गेले. दोन्ही वेळा ते हे साहेबांच्या कानावर घालणार होते.

गुरुवारी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं होतो. टेबलावर अंतिम प्रतीचा कागद, सहीची जागा मोकळी. साहेबांनी विचारलं, दोन पट्ट्या चढवल्या ना. मी नाही म्हटलं. साहेबांनी मॅनेजरांकडे पाहिलं. मॅनेजर म्हणाले की मॅडमचं म्हणणं त्यांनी तेव्हाच आपल्या कानावर घातलं होतं.

"माझ्या कानावर काहीही आलेलं नाही," साहेब म्हणाले.

"मग आता घालते," मी म्हटलं.

मी उठले, टेबलाला वळसा घातला, त्यांच्या गळ्यातले गोडबोले काढून कागदावर ठेवले, आणि माझा करडा हेडफोन साहेबांच्या कानांवर घातला. पट्टा दोन घरं वाढवावा लागला. उशी नीट बसली का ते टेलरबाईंसारखं दोन बोटांनी बघितलं. मॅनेजरांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की जणू त्यांची एकोणीस वर्षांची नोकरी कुणी डोळ्यांदेखत पळवली. मी गाणं लावलं.

साहेब हलले नाहीत. कुणी इतक्या जवळ येऊन कानावर काही घालण्याची त्यांना सवय नव्हती. पहिलं कडवं झालं. मग काहीतरी बोलायला म्हणून त्यांनी एका कानावरची वाटी उचलली.

दार उघडं होतं. समोर रेकॉर्डिंगच्या खोलीत टेलरबाई शिडीवर होत्या. त्यांना मी बोलावलं नव्हतं. पडद्याचे दोन हुक सुटले होते, ते लावायला त्या आपल्या आपण आल्या होत्या. तोंडात टाचण्या, आणि तेच गाणं.

साहेबांनी वाटी परत कानावर ठेवली. पुन्हा उचलली. पुन्हा ठेवली. डाव्या कानात मी, उजव्या कानात शिडी. असं चार-पाच वेळा झालं. मधेच त्यांनी टेबलावरचे गोडबोले उचलून एका कानाला लावून पाहिले आणि घाईने बाजूला ठेवले, गरम भांडं ठेवावं तसे.

गाणं संपलं. साहेबांनी हेडफोन काढला. चेहरा नेहमीचा झाला.

"तरी पण मॅडम, बेस जरा..."

"बास, साहेब."

माझ्या तोंडून ते इतक्या साध्या आवाजात गेलं की मलाच वेळाने कळलं. मग राहिलेलंही सांगून टाकलं. या आवाजावर सही करीन. दोन पट्ट्या चढवलेल्यावर करणार नाही. ती ज्याला करायची त्याने करावी, पण मग खाली माझं नाव नको, आणि वर बाईंचंही नको, कारण ती बाई कोण ते मला माहीत नाही. आणि गेल्या सोळा महिन्यांच्या माझ्या सह्या चुकल्या आहेत, त्याही हवं तर कानावर घालून घ्या.

मग मॅनेजरांनी, कुणी सांगितलं नसताना, टेबलावरून करडा हेडफोन उचलला आणि स्वतःच्या कानांवर घातला. गाणं पुन्हा लावायची खूण केली. पूर्ण ऐकलं. काढल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"साहेब, हा बाईंचाच आवाज आहे," ते म्हणाले, आणि लगेच खिडकीकडे बघायला लागले.

साहेब चूक मान्य करणाऱ्यांपैकी नाहीत. ते मार्ग काढतात. त्यांनी बराच वेळ पेन फिरवलं आणि म्हणाले की ठीक आहे, जाऊ दे असंच, पण संस्थेवर ठपका यायला नको. मुखपृष्ठावर खाली छापायचं: या ध्वनिफितीतील आवाजाच्या दर्जाची संपूर्ण जबाबदारी मिक्सरची राहील. हे ते दरडावून बोलले. शिक्षा म्हणून.

मी सही केली आणि विचारलं की ती ओळ जरा मोठ्या टाइपात घेता येईल का.

शुक्रवारी मी छापलेलं मुखपृष्ठ घेऊन टेलरबाईंच्या दुकानात गेले. त्यांनी चष्मा लावून आपलं नाव वाचलं, मग खालची ओळ वाचली. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल, म्हणून मी सांगायला लागले की ते साहेबांचं असंच असतं. त्यांनी हाताने थांबवलं. मशीनवरचा कोट उचलून त्याची कॉलर उलटी केली. आत त्यांच्या दुकानाचं छोटं लेबल शिवलेलं होतं.

"ताई, हे लेबलच तर आहे," त्या म्हणाल्या. "फक्त त्यांनी बाहेरून लावलंय. पण आवाज माझा आहे, त्याची जबाबदारी तुमच्या एकट्यावर कशी? पुढच्या खेपेला माझंही नाव घाला म्हणावं त्या ओळीत."

मग त्यांनी माझ्या गळ्यातला हेडफोन मागून घेतला, पट्ट्याची आतली बाजू शोधली, आणि तिथे सुई-दोऱ्याने, चार टाके घालून, आपलं लेबल लावून दिलं. लावताना गात होत्या. दार उघडं होतं. किल्ल्या बनवणाऱ्याची कानस मधेच थांबली, तरी त्या गातच राहिल्या.

परिपत्रक अजून लागू आहे. मी ते रोज सकाळी दहा वाजता मोडते. मॅनेजर माझ्या टेबलापाशी येतात, हेडफोन मागून घेतात, कॉफी होईपर्यंत एखादं गाणं ऐकतात, आणि जाताना सांगतात की हे साहेबांच्या कानावर घालावं लागेल.